फुटबॉलचा रेफरी क्लिनिकमध्ये (म्हणजे ट्रेनिंगच्या कोर्समध्ये) घडतो की मेंटरच्या हाताखाली? (माझं मत: क्लिनिक ओव्हररेटेड आहे)

नवी_शिट्टी
दोन दिवसांचं क्लिनिक केलं, सतराच्या सतरा नियम घोकले, लेखी परीक्षेत मार्कही बरे पडले आणि पहिल्याच मॅचला बारा-तेरा वर्षांच्या पोरांनी माझा पार बँड वाजवला. दहाव्या मिनिटाला एकाला मागून ढकललं, मला स्वच्छ दिसलं, शिट्टी तोंडातच होती ती फुर्रकन वाजली, आणि वर बघतो तर बॉल त्याच्याच टीममधल्या पोराकडे, समोर फक्त गोलकीपर. झालं, कोचने मैदान डोक्यावर घेतलं. चूक माझीच होती म्हणा.

हाफटाइमला एक जुने रेफरी सर आले, कडेला बसून बघत होते. मला वाटलं आता चुकांचा पाढा वाचणार. ते फक्त म्हणाले, "शिट्टी तोंडातून काढ, हातात धर. आणि बॉलच्या शेपटीला लागून पळू नकोस, थोडा डावीकडे राहा." बास, एवढंच. पण हातातली शिट्टी तोंडापर्यंत जाईतो जो अर्धा सेकंद मिळतो ना, त्यात अ‍ॅडव्हान्टेज द्यायचा (फाउल झालेल्या टीमला फायदा होत असेल तर खेळ चालू ठेवायचा) की नाही हे आपोआप ठरतं, आणि सेकंड हाफ एकदम वेगळाच गेला. म्हणून म्हणतो, खोलीत बसून स्लाइड बघण्यापेक्षा अशा माणसाबरोबर दहा मॅच केलेल्या परवडल्या.

सतरा_नियम
अजिबात पटलं नाही. अ‍ॅडव्हान्टेज नावाची गोष्ट असते हे तुला क्लिनिकमध्येच कळलं, म्हणून सरांचं वाक्य डोक्यात बसलं. नाहीतर हातात शिट्टी धरून काय केलं असतंस?

आणि मेंटरचा दुसरा धोका कोणी बोलत नाही. ते शिकवतात ते त्यांच्या वेळचं. माझ्या मेंटरनी मला ठासून सांगितलेलं की गोल किक (गोलपाशी बॉल ठेवून मारतात ती) पेनल्टी एरियाच्या, म्हणजे गोलसमोरच्या बॉक्सच्या, बाहेर गेल्याशिवाय कोणी हात, आय मीन पाय लावायचा नाही. मी इमानदारीत दोनदा किक परत घ्यायला लावली. तिसऱ्यांदा त्या गोलकीपरनेच मला सांगितलं की सर तो नियम २०१९ मध्ये बदलला, आता बॉल मारला आणि स्पष्ट हलला की खेळ चालू. सोळा वर्षांचं पोरगं! जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. आणि हे थांबत नाही. २०२५ पासून गोलकीपरने बॉल हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त ठेवला तर थेट कॉर्नर, आधी सहा सेकंद आणि इनडायरेक्ट फ्री किक होती. हे कोण सांगणार, क्लिनिकच ना?

लाईनीवरची
मी जास्त करून असिस्टंट रेफरी म्हणून लाईनीवर झेंडा घेऊन उभी राहते, त्यामुळे माझा अनुभव जरा वेगळा. तुम्ही दोघं क्लिनिक म्हणजे खोली आणि प्रोजेक्टर असं धरून चाललाय. आमच्या क्लिनिकमध्ये अर्धा दिवस मैदानावर फक्त ऑफसाइड (पास मारला त्या क्षणी फॉरवर्ड शेवटून दुसऱ्या डिफेंडरच्या पुढे होता का) घेतला. शेवटून दुसऱ्या डिफेंडरच्या रेषेत साइड-स्टेप करत सरकायचं, मैदानाकडे छाती, आणि पास देणाऱ्याकडे बघायचंच नाही, पाय बॉलला लागल्याचा आवाज ऐकायचा. कारण पास बघून मान वळवेपर्यंत फॉरवर्ड दोन पावलं पुढे गेलेला असतो आणि तुम्ही प्रामाणिकपणे चुकीचा झेंडा वर करता. हे तीस-चाळीस वेळा लागोपाठ केल्यावर अंगात भिनलं. मॅचमध्ये असे खरोखर काठावरचे ऑफसाइड किती येतात? दोन, फार तर तीन. मेंटर कितीही भारी असला तरी तेवढ्यावरच शिकवणार ना.

जुना_स्टॉपर
बरीच वर्षं खेळलोय, शिट्टीवाल्यांना शिव्याही भरपूर घातल्यात, त्यामुळे माझं मत कडू लागेल. मेंटर प्रकारावर माझा विश्वास नाही कारण बऱ्याच ठिकाणी जो मेंटर तोच असेसर (मार्क देणारा) आणि तोच पुढच्या मॅच वाटणारा. मग पोरगं खेळ बघत नाही, कडेला बसलेल्याचं तोंड बघतं. मी पाहिलंय, रेकलेस टॅकलला, म्हणजे सरळसरळ पिवळ्या कार्डाला, हात खिशाकडे गेला आणि मेंटरकडे बघून परत आला. ज्याच्या हातात तुमची पुढची मॅच आहे त्याला मेंटर म्हणूच नका, साहेब म्हणा.

नवी_शिट्टी
@जुना_स्टॉपर हा मुद्दा मान्य. आमचे सर कसलेही मार्क देत नाहीत, नशीब माझं.
@सतरा_नियम नियम बदलतात हे खरंय, पण ते घरी वाचता येतात की. कुठे उभं राहायचं ते वाचून येत नाही. २०१० ची वर्ल्ड कप फायनल आठव, नेदरलँड्सच्या डी याँगने स्पेनच्या अलोन्सोच्या छातीत लाथ घातली आणि हॉवर्ड वेबनी फक्त पिवळं दिलं. त्याला काय नियम माहीत नव्हता? मध्ये खेळाडू आल्यामुळे नीट दिसलं नाही असं त्यानेच नंतर सांगितलंय. फायनलच्या रेफरीची ही गत, मग आपण कोण.

सतरा_नियम
उदाहरण तुझ्यावरच उलटतंय. वेबला एवढा अनुभव होता, मेंटरही असतीलच, तरी दिसलं नाही. उलट २००६ चं बघ, क्रोएशिया-ऑस्ट्रेलिया मॅचमध्ये ग्रॅहम पोलनी क्रोएशियाच्या सिमुनिचला तीन पिवळी दाखवली (दोनावरच बाहेर काढायचं असतं), कारण दुसरं कार्ड वहीत ऑस्ट्रेलियाच्या तीन नंबरवर लिहिलं, दोघांचा नंबर तीनच. नंबरबरोबर टीम तपासून लिहा, हे क्लिनिकमध्ये शिकवतात तेव्हा सगळे जांभया देतात.

लाईनीवरची
चौथा अधिकारी आणि दोन असिस्टंट असून कोणाच्या लक्षात आलं नाही, हे जास्त भयंकर आहे. असो, विषयांतर.

मेंटरबद्दल एकच अट घालीन, मॅच चालू असताना गप्प बसता आलं पाहिजे. कडेवरून "कार्ड दे, कार्ड दे" ओरडणारे असतात त्यांचा काही उपयोग नाही, खेळाडूंना लगेच कळतं की मैदानात खरा रेफरी कोण आहे, आणि मग तुमचं कोण ऐकतंय.

सतरा_नियम
@नवी_शिट्टी एक काम कर. तुझ्या सरांना विचार, गोल किक बॉक्सबाहेर जावी लागते का. उत्तर इथे टाक. मग बोलू.

नवी_शिट्टी
विचारलं. म्हणाले, "२०१९ नंतर नाही लागत, आणि मला तपासायला कोणी पाठवलं तुला?" मग मलाच उलटं विचारलं, ड्रॉप बॉल (खेळ थांबल्यावर रेफरी टाकतो तो) एकट्याच खेळाडूने थेट समोरच्यांच्या गोलमध्ये मारला तर काय द्यायचं. मला नाही आलं 😅 गोल किक का?

सतरा_नियम
हो, गोल किक. किमान दोन खेळाडूंना लागल्याशिवाय गोल नाही. स्वतःच्याच गोलमध्ये मारला तर कॉर्नर. क्लिनिकमध्ये झालं होतं हे, दुसऱ्या दिवशी जेवणानंतर. झोपला होतास.