रिट्रीटमध्ये म्हणे जन्माचे मित्र मिळतात

खडखडीत
परवा इथेच कोणीतरी लिहिलं, "एकट्याने वेलनेस रिट्रीटला जा, सात दिवसांत जन्मभराची माणसं मिळतात." खाली बदामांचा पाऊस. तिथेच प्रतिसाद द्यायला घेतला होता पण तो इतका लांबला की वेगळा धागा काढतोय. मी अशी तीन रिट्रीट, म्हणजे ध्यान-मसाजची निवासी शिबिरं, केलीत, दोन स्वखुशीने, एक बायकोने ढकललं म्हणून. तिन्हीकडे तेच. दुसऱ्या संध्याकाळी गोल करून बसवतात, शेअरिंग म्हणे, एक जण रडतो मग सगळेच रडतात, ज्याचं आडनाव माहीत नाही त्याला आपण वडिलांशी झालेलं शेवटचं भांडण सांगून मोकळे. निघताना गळाभेटी, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, आठवडाभर फोटो, मग नुसते गुड मॉर्निंग, मग एक जण प्रोटीन पावडर विकायला लागतो आणि बाकीचे म्यूट. ही मैत्री? कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉलने २०१८ मध्ये हिशोब मांडलाय, ओळखीचा माणूस जेमतेम दोस्त व्हायला साधारण ५० तास, मित्र म्हणण्याइतका व्हायला ९०, जवळचा व्हायला २०० च्या वर. सात दिवस, रोज जागे १६ तास, झाले ११२. त्यातून डोळे मिटून बसायचे, मसाजला पालथं पडायचे आणि मौनाचे वजा करा. उरले किती?

अबोली_७
हिशोबच करायचा तर पूर्ण करा की दादा. त्याच हॉलचं म्हणणं आहे की कामाच्या ठिकाणी एकत्र काढलेले तास तितकेसे धरले जात नाहीत. म्हणजे तास कशात गेले हेही आलं ना? आई गेल्यावर चार महिन्यांनी मी गेले होते. सकाळच्या फिरण्यात एक बाई रोज माझ्याच चालीने चालायची, म्हणजे रखडत, सगळ्यांच्या मागून. पाच दिवस आम्ही चपलांबद्दल बोललो. फक्त चपला. कुठली लागते, कुठली घसरते. तुमच्या त्या गोलात मी तोंडसुद्धा उघडलं नाही. सहा वर्षं झाली, अजून दर रविवारी फोन असतो. आणि पावडर विकणारा तुम्हाला भेटला त्यात रिट्रीटचा काय दोष, तो लग्नातही भेटतो.

खडखडीत
आईचं वाचून वाईट वाटलं. पण एका चपलेवरून सिद्धांत नको.

रोमातून_बाहेर
एरवी रोमात (रीड ओन्ली मोड), म्हणजे नुसती वाचते, आज राहवलं नाही. झिक रुबिन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये रेल्वेतल्या अनोळखी माणसाबद्दल लिहिलं होतं, घरच्यांना न सांगितलेलं आपण त्याला सांगतो, कारण तो आता उतरून जाणार असतो. गोलातलं रडणं तसलं. खोटं नसतं हो, पण तो उतरेल या भरवशावर असतं. माझी पंचाईत अशी झाली की ज्या बाईला मी सगळं सांगितलं ती उतरलीच नाही, महिन्याला एक फोन करते. चांगली आहे, काळजीने विचारते. मला उचलवत नाही. तिला सगळं माहितीये ना.

अबोली_७
मग यात दोष कोणाचा? बिचारी ती.

रोमातून_बाहेर
माझाच. म्हणूनच रोमात असते.

दहावा_दिवस
आम्ही तर बोललोच नव्हतो! विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर, पहाटे ४ ला घंटा, आर्य मौन, खाणाखुणासुद्धा नाहीत. शेजारच्या आसनावरचा माणूस सारखा चुळबुळायचा, नऊ दिवस मी मनात त्याला शिव्या घातल्या (हो, मैत्रीभावना शिकायला गेलो होतो). दहाव्या दिवशी मौन सुटलं तर तो आधी येऊन म्हणतो, "माफ करा, माझा गुडघा." आज तो माझा

सरळ_सांगतो
थांबा जरा. विपश्यनेला वेलनेस रिट्रीट म्हणणं बंद करा. तिथे मसाज नसतो, फी नसते, कोणी मित्र जमवायला जात नाही. ज्यांना दोन तास गप्प बसवत नाही त्यांनी या विषयावर बोलू नये.

दहावा_दिवस
मी दहा दिवस बसलो होतो साहेब. तुम्ही मला वाक्यसुद्धा पुरं करू दिलं नाहीत.

झोपमोड
मैत्रीबित्री राहू द्या, मूळ प्रश्न ट्विन शेअरिंगचा आहे. अनोळखी माणसाच्या शेजारी झोपवतात आणि तो घोरतो! मी मन:शांतीसाठी गेले आणि सहा रात्री उशी डोक्यावर घेऊन काढल्या. फॉर्ममध्ये आहार विचारतात, ॲलर्जी विचारतात, घोरता का हे कोणी विचारत नाही.

खडखडीत
अवांतर आहे पण १०० टक्के सहमत.

सरळ_सांगतो
सहमत. घोरणाऱ्यांना वेगळी इमारत हवी.

भोंगा
आम्ही काय मुद्दाम घोरतो? वेगळी इमारत म्हणे. मी घोरतो हे मला माहीत आहे, म्हणून पहिल्या दिवशी रूममेटला इअरप्लगची जोडी देतो, वर माफीही मागतो. तरी तिसऱ्या दिवशी नाश्त्याला सगळ्यांना माहीत झालेलं असतं. शांतीच्या शोधात आलेली माणसं!

झोपमोड
इअरप्लगने काय होतं, माझ्यावाली भिंत हलवत होती.

अबोली_७
धागा कशाचा, चाललंय काय.

पाठीवर_झोपू_नये
चालू द्या, कारण मला दोन्हीचं उत्तर द्यायचंय. मी त्या इमारतीत पाठवायच्या लायकीचा होतो. घरी एकटा राहतो, सांगणार कोण. रिट्रीटमध्ये रूममेट मिळाला एक खवट माणूस, कुठल्याच सेशनला धड जात नव्हता, शेअरिंगच्या गोलात तर म्हणाला मला काही सांगायचं नाही. तिसऱ्या सकाळी त्याने कागद पुढे केला. रात्री घड्याळ लावून बसला होता, माझा श्वास किती वेळा थांबला आणि किती सेकंद, सगळं लिहिलेलं. एकदा २८ सेकंद. म्हणाला, घोरण्याचं मला काही नाही, ते बंद पडलं की जाग येते. परत आल्यावर स्लीप स्टडी केली, स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याचा आजार, निघाला, श्वास १० सेकंद थांबला की एक मोजतात, तासाला पाचच्या वर गेलं की आजार, माझे ४१. आता सीपॅप, म्हणजे हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवणारं मशीन, लावून झोपतो. त्याला कळवलं तर उत्तर आलं, "ठीक. मशीनचा आवाज किती?" दोन वर्षांत पाच वेळा भेटलोय, गळाभेट एकदाही नाही. तासांत किती बसतो ते तुम्हीच काढा.

झोपमोड
भोंगा, एकदा तपासून घ्या हो. मघाचं बोलणं मागे घेते. भिंतीचं सोडून.

भोंगा
एकटाच राहतो मीही. घेतो अपॉइंटमेंट.

खडखडीत
बरं, एक चप्पल आणि एक कागद मान्य. पण दोघांनीही गोलात तोंड उघडलं नव्हतं हे लिहून ठेवा, म्हणजे माझा मुद्दा शाबूतच आहे. आणि तिसऱ्या रिट्रीटच्या ग्रुपमधलं कोणी हे वाचत असेल तर मी ग्रुप सोडलेला नाही, फक्त म्यूट केलाय. तो गुडघेवाला पुढे काय झाला?

दहावा_दिवस
आता नाही सांगत.