मर रोग: बुरशीची जनुकं शोधायची की माती सुधारायची?

माळव्याची लेक, इंदूर
परवा सांवेरजवळ आमच्या शेतात हरभरा बघायला गेले. महिन्याभराचं पीक, मधेच पाच-सहा झाडांनी माना टाकलेल्या. एक उपटलं. मूळ वरून धडधाकट. ब्लेडनं खोड उभं चिरलं, तर आत काळपट रेघ. फ्युझेरियम नावाच्या बुरशीची मर, इथल्या भाषेत उकठा.

माझं मत स्पष्ट आहे. नवनवी औषधं काढण्यापेक्षा या बुरशीची रोग करणारी जनुकं कधी आणि कशानं जागी होतात, यावर पैसा लागायला हवा. फ्युझेरियम ऑक्सिस्पोरम जवळजवळ प्रत्येक मातीत असते आणि तिचे कित्येक प्रकार झाडाला काहीच करत नाहीत. टोमॅटोवर मर आणणाऱ्या प्रकारात रोगाची महत्त्वाची जनुकं एका वेगळ्या गुणसूत्रावर असतात. ते गुणसूत्र निरुपद्रवी प्रकारात गेलं आणि तोही टोमॅटोला रोग करू लागला, हे 2010 साली दाखवलं गेलं. पण जनुकं असून भागत नाही. एसजीई1 हे नियंत्रक, म्हणजे इतर जनुकांवर ताबा ठेवणारं जनुक काढून टाकलं, तर बुरशी मुळाला चिकटते, आत शिरतेही, पण झाड आजारी पडत नाही!

जुना इंदूरकर
ताई, अजिबात पटलं नाही. याच गावात 1924 पासून इंग्रज शेतीशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉवर्ड यांनी काम केलं, कंपोस्टची इंदूर पद्धत इथलीच. बुरशी हे रोगाचं मूळ नव्हे, चुकीचं वाण किंवा बिघडलेली माती हे मूळ, असं ते मानत. सोयाबीन-हरभरा, सोयाबीन-हरभरा करून आपण काळी माती पिळून काढली. आधी तिच्याकडे बघा.

माळव्याची लेक
काका, कंपोस्ट आम्हीही घालतो. पण मर रोगाच्या प्लॉटात हरभऱ्याचं जेजी 62 हे वाण पटापट मरतं आणि शेजारच्या ओळीतलं डब्ल्यूआर 315 उभं राहतं. माती तर एकच ना? शिवाय ही बुरशी हरभरा न लावताही सहा वर्षं जमिनीत तग धरते. दोन वर्षं पीक बदलून ती जात नाही.

रोपवैद्य
तुम्ही दोघं समजता तितके लांब नाही आहात. टोमॅटोच्या मुळाशी ही बुरशी झाडाच्याच एका छोट्या प्रथिनाची नक्कल सोडते, त्यानं मुळाभोवतीची आम्लता घटते आणि तिची रोग करण्याची यंत्रणा चालू होते (2016 चं काम). म्हणजे मातीचं रसायन हाच तिचा संकेत. मात्र ताई, एक अडचण आहे. प्रयोगात नत्र नायट्रेटऐवजी अमोनियमच्या रूपात दिलं तर टोमॅटोवर मर उशिरा आली. शेतातला जुना अनुभव याच्या नेमका उलट, अमोनियम खतानं ही मर वाढते. कुंडीतलं नियंत्रण वावरात तसंच चालेल असं धरू नका. आणि टोमॅटो म्हणजे हरभरा नव्हे.

जुना इंदूरकर
हेच म्हणतोय. डब्ल्यूआर 315 रोगाला दाद देत नाही हे शेतात बघूनच कळलं ना? त्याला बुरशीचं एकही जनुक माहीत असावं लागलं नाही.

माळव्याची लेक
नाही लागलं, मान्य. पण या बुरशीच्या भारतातच 1ए, 2, 3, 4 अशा रेसेस, म्हणजे वेगवेगळ्या वाणांना मारणारे उपप्रकार, आहेत. एकीपुढे टिकलेलं वाण दुसरीपुढे पडतं. कोणती रेस कोणत्या जनुकानं मारते हे कळेपर्यंत आपण ओळी लावतो आणि झाडं मरायची वाट बघतो. दर वेळी एक रब्बी जाते, काका.