वापरातून गेलेला पाळणा, बाबागाडी आणि खेळणी नागपुरात कोठे व कशी द्यावीत?

प्रतापनगरकर (धागाकर्ती):

नमस्कार. आमची मुलगी येत्या जूनपासून केजीमध्ये जाईल आणि तिच्या बाळपणीचे साहित्य आता घरातील तिच्याच खोलीवर अतिक्रमण करू लागले आहे. लोखंडी झुलता पाळणा, चाकांचा बैठा वॉकर, सासऱ्यांनी सुताराकडून करवून घेतलेला पांगुळगाडा, बाबागाडी, मोटारीतील बाळाची सीट, जेवणाची उंच खुर्ची, दूध पाजण्याच्या बाटल्या व त्या निर्जंतुक करण्याचे यंत्र, पोतेभर मऊ खेळणी, बॅटरीवर गाणारी खेळणी आणि ट्रंकभर दुपटी, कुंच्या व झबली असा हा पसारा आहे. यांतील निम्म्या वस्तू माळ्यावर आहेत आणि बाबागाडी व वॉकर जागेअभावी गच्चीवरील पत्र्याच्या शेडखाली ठेवावे लागले आहेत.

दुसरे मूल नको हे आमचे ठरलेले आहे, त्यामुळे 'पुढे लागेल' हा प्रश्न नाही. यजमानांचे मत सर्व विकून टाकावे असे आहे, सासूबाईंना पाळणा घराबाहेर जाणे मान्य नाही, आणि मला मात्र या वस्तू खरोखर गरज असलेल्या घरी पोहोचाव्यात असे वाटते. सगळे एकगठ्ठा कबाडीवाल्याला देण्याचा मार्ग सोपा असला तरी शेवटचाच ठेवायचा आहे. कोणती वस्तू द्यावी, कोणती विकावी आणि कोणती दुसऱ्याच्या बाळासाठी देऊच नये, याविषयी नागपुरातील अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

फुटाळा:

आपल्या तीन प्रश्नांपैकी शेवटचा प्रश्न प्रथम सोडवावा, असे मी सुचवेन. काय देऊ नये हे एकदा ठरले की उरलेल्या वस्तूंचे वाटप कठीण राहत नाही. सुस्थितीतील वस्तू आणि सुरक्षित वस्तू यांत फरक आहे, आणि आपल्या यादीतील वॉकर हे त्याचे ठळक उदाहरण आहे. बाळ त्यात बसल्या बसल्या घरभर वेगाने फिरते, उंबरठ्यावर उलटते, जिन्यावरून कोसळते, किंवा एरवी हात न पोहोचणाऱ्या गॅसच्या ओट्यापर्यंत आणि गरम चहाच्या कपापर्यंत पोहोचते. चालणे लवकर यावे म्हणून लोक तो घेतात, पण त्याने तसे काही होत नाही. कॅनडाने २००४ मध्ये अशा वॉकरच्या विक्रीवर, अगदी जुन्या वॉकरच्या पुनर्विक्रीवरही, बंदी घातली. त्यामुळे तो नवाकोरा दिसत असला तरी चाके काढून, सांगाडा मोडूनच भंगारात द्यावा. अखंड दिल्यास तो कबाड्याकडून कोणाच्या तरी घरी जाईलच. पांगुळगाड्याची गोष्ट निराळी आहे, कारण तेथे मूल स्वतःच्या पायांवर उभे राहून गाडा ढकलते. त्याचे खिळे वर आले नसतील आणि चाके फार सैल फिरत नसतील, तर तो निःशंकपणे द्यावा.

मोटारीतील सीटच्या बाबतीत खालच्या किंवा मागच्या बाजूस कोरलेली निर्मितीची तारीख पाहावी. बहुतेक कंपन्या सहा ते दहा वर्षांची मुदत ठरवून देतात आणि अनेक सीटवर ती छापलेली असते. ज्या गाडीत ती सीट बसवली होती तिला जोराचा अपघात झाला असेल, तर बाहेरून तडा दिसत नसला तरी सीट कोणालाही देऊ नये आणि तिचे पट्टे कापूनच टाकून द्यावी. सीट घेणाऱ्याला आपला शब्द एवढाच आधार असतो, म्हणून ती अनोळखी माणसाकडून घेऊ नये आणि देताना तिचा पूर्वेतिहास स्वतःहून सांगावा. पट्ट्यांच्या कुलपात बहुधा बिस्किटाचा चुरा आणि वाळलेला वरणभात घट्ट बसलेला असतो. कोमट पाण्यात कुलूप हलवून तो काढावा आणि 'खट्' असा स्वच्छ आवाज येतो की नाही ते पाहावे, मात्र पट्टे कडक साबणात भिजवू नयेत.

गच्चीवर ठेवलेल्या वस्तूंकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि पत्र्याखालची उष्णता त्याहूनही अधिक असते. असा उन्हाळा सोसलेले प्लास्टिक रंगाने चांगले दिसते, परंतु अंगठ्याने किंचित वाकवल्यावर त्यावर पांढरी रेघ उमटली तर ते लवकरच तुटणार असे समजावे. बाबागाडीच्या दांड्याचा फोम चिमटीत धरून पाहावा. त्याची पिवळसर भुकटी हाताला लागत असेल, तर तो भाग बदलल्याशिवाय गाडी देऊ नये, कारण गाडीत बसलेले मूल प्रथम तोच चावते. गाडी उघडल्यावर तिचे बिजागर नीट अडकते का आणि ब्रेक उतारावर टिकतो का, हेही पाहून घ्यावे.

जुन्या रंगाचाही विचार व्हावा. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. आपला पाळणा त्यापूर्वीचा, म्हणजे नात्यातून आलेला असेल आणि त्याचे पोपडे निघत असतील, तर तो तसाच पुढे जाऊ नये. घरी कोरडे घासून रंग काढणे तर मुळीच योग्य नाही, कारण त्या धुळीतूनच शिसे पोटात जाते. लाकडी पांगुळगाडा बिनरंगी असेल, तर ही चिंता नाही.

गांधीसागर:

फुटाळा यांनी निवडीचे काम सांगितले आहे, म्हणून मी केवळ संस्थांना देण्याविषयी लिहितो. श्रद्धानंदपेठेतील श्रद्धानंद अनाथालय सर्वांना परिचित आहे, त्याखेरीजही शहरात बालसंगोपन करणाऱ्या संस्था आहेत. कोठेही जाण्यापूर्वी दूरध्वनी करून आज काय हवे आहे हे विचारावे आणि 'नको' असे उत्तर आल्यास आपला अपमान झाला असे मानू नये. दिवाळीच्या सुमारास आणि मुलांच्या वाढदिवसांना अशा ठिकाणी टेडी अस्वलांचा ढीग लागतो, तर पावसाळ्यात कोरड्या दुपट्यांची आणि चादरींची टंचाई असते. आपल्या यादीतील सुती दुपटी, न फोडलेले डायपर आणि धुता येतील अशी ठोकळ्यांची खेळणी यांना सामान्यतः नकार मिळत नाही. एकेकटा तुकडा उरलेले कोडे किंवा एका चाकाची मोटार मात्र कोणालाही नको असते, आणि आपल्या मुलीच्या हाती जे आपण देणार नाही ते अनाथालयातील मुलीच्या हाती देणे हे दान नव्हे.

दूध पाजण्याच्या बाटल्यांसंबंधी एक गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते. दुधाची पावडर, बाटल्या व शिशुआहार यांविषयीच्या १९९२ च्या केंद्रीय कायद्यानुसार या वस्तू अनाथालय वगळता इतर कोणालाही दान देण्यास किंवा वाटण्यास मनाई आहे. फुकट मिळालेल्या बाटलीमुळे आईचे दूध लवकर तुटते आणि अस्वच्छ पाण्यामुळे बाळ आजारी पडते, हे त्यामागचे कारण आहे. त्यामुळे मेडिकल, मेयो किंवा डागा रुग्णालयाच्या प्रसूती कक्षाबाहेर बाटल्या वाटण्याचा विचार कोणाच्या मनात असेल, तर तो काढून टाकावा. वापरलेली रबरी बोंडे तर अनाथालयालाही देऊ नयेत.

आणखी एक नाजूक बाब आहे. वस्तू देताना तेथील मुलांसोबत छायाचित्र काढण्याचा मोह आवरावा. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलांची ओळख उघड होईल असे नाव किंवा छायाचित्र प्रसिद्ध करता येत नाही. समाजमाध्यमावर टाकायचेच असेल तर खेळण्यांच्या खोक्याचे छायाचित्र टाकावे.

घराजवळच्या अंगणवाडीचाही विचार करावा. तेथे तीन ते सहा वर्षांची मुले येतात, म्हणून खुळखुळे तेथे निरुपयोगी आहेत, परंतु मोठे ठोकळे, चेंडू, भातुकली आणि जाड पानांची चित्रपुस्तके तेथे रोज हाताळली जातात. सेविकाताईंना खोलीत कपाट आहे का, हे आधी विचारावे. त्यांच्याकडे जागा नसेल तर आपला माळा रिकामा होऊन त्यांची खोली भरेल, एवढेच होईल.

तर्रीपोहे:

मी यजमानांच्या बाजूने आहे. बाबागाडी, मोटारीची सीट आणि निर्जंतुक करण्याचे यंत्र या महागड्या वस्तू विकण्यात काहीही गैर नाही. मनीषनगर, बेसा आणि वर्धा रोडवरील नव्या वसाहतींत तरुण जोडपी मोठ्या संख्येने राहतात आणि नवी बाबागाडी परवडत असूनही अनेकजण चांगली जुनी घेणे पसंत करतात. माझ्या मते वसाहतीच्या व्हॉट्सॲप समूहात मूळ किमतीचा एक तृतीयांश भाव सांगितला, तर वस्तू लवकर जाते. निम्मा भाव सांगितला, तर 'शेवटचे किती घ्याल?' एवढ्याच चर्चेत महिना सरतो. पैसे घेणे नको वाटत असेल तर ते अनाथालयाला द्यावेत. बाबागाडीपेक्षा रोख रक्कम त्यांच्या अधिक उपयोगाची असते. तेथे एकेका बाळाला गाडीतून फिरवायला माणसे कोठून येणार?

ओएलएक्ससारख्या ठिकाणी जाहिरात देणार असाल, तर एवढे ध्यानात ठेवावे. 'मी लष्करात आहे, वस्तू न पाहताच घेतो, पैसे मिळण्यासाठी हा क्यूआर कोड स्कॅन करा' असे कोणी म्हणाले, तर संभाषण तेथेच थांबवावे. यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर त्वरित तक्रार नोंदवावी. ग्राहकाला घरी बोलावण्याऐवजी सोसायटीच्या फाटकाशी वस्तू दाखवावी, हेही बरे.

रेशीमबाग:

सासूबाईंच्या म्हणण्याकडे केवळ अंधश्रद्धा म्हणून पाहू नये, असे मला वाटते. आमच्याकडेही रिकामा पाळणा हलवू देत नसत आणि पाळणा विकतही नसत, परंतु नात्यात बाळ येणार असेल तर मूठभर गहू आणि खोबऱ्याची वाटी घालून तो आनंदाने पाठवला जात असे. 'पाळणा टाकायचा आहे' असे न म्हणता 'अमुक भाचीचे बारसे आहे, तेथे आपला पाळणा पाठवू या का?' असे त्यांनाच विचारावे, आणि पाठवणीही त्यांच्याच हातून व्हावी. झबल्यांचेही तसेच आहे. नवजात बाळाला पहिले वस्त्र दुसऱ्या बाळाचे वापरलेले घालण्याची आपली रीत आहे आणि अनेकदा धुतलेले सुती कापड नव्यापेक्षा मऊही असते. चांगली झबली, टोपडी आणि दुपटी निवडून एखाद्या बाळंतविड्यात द्यावीत, म्हणजे घेणाऱ्याला संकोच वाटत नाही.

घरकामाला येणाऱ्या ताईंना देण्याविषयी सर्वजण सहज बोलतात. त्यांना अवश्य विचारावे, परंतु निवड त्यांची असावी. ट्रंक उघडून त्यांच्यासमोर ठेवावी आणि हवे ते घ्या, नको ते राहू द्या, असे सांगावे. पोते बांधून हाती दिले की त्या नाही म्हणू शकत नाहीत आणि आपला कचरा त्यांच्या दारी जाऊन पडतो.

आपल्या यादीत तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी दिसत नाही. तो असेल, तर कृपया त्याला या आवराआवरीतून वगळावे. मुलगी अजून बरीच वर्षे तो सजवून घरोघरी नेईल आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळवील.

प्रतापनगरकर (धागाकर्ती):

सर्वांचे आभार. नंदी अर्थातच घरी राहणार आहे. सासूबाईंशी रेशीमबाग यांनी सुचवल्याप्रमाणे बोलले आणि त्यांनी स्वतःच अमरावतीच्या नातीचे नाव घेतले. पाळणा मुलीच्या जन्माच्या वेळी नवीनच घेतलेला असल्याने रंगाची काळजी नाही. मोटारीच्या सीटवरील मुदत अद्याप संपलेली नाही आणि ती आमच्याच गाडीत, अपघाताविना वापरलेली आहे, म्हणून ती व बाबागाडी तपासून विकावीत असे ठरत आहे. आता मऊ खेळण्यांचे पोते आणि बॅटरीची खेळणी एवढाच प्रश्न उरला आहे.

फुटाळा:

मऊ खेळण्यांपैकी ज्यांचे डोळे व नाक धाग्याने भरलेले आहे तीच निवडावीत. चिकटवलेली प्लास्टिकची बटणे ओढून पाहावीत. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी चाचणीचे जे नळकांडे वापरतात त्याचा व्यास सुमारे ३२ मिलिमीटर असतो, आणि त्यात मावणारा सुटा भाग घशात अडकण्याचा धोका मानला जातो. निवडलेली खेळणी उशीच्या अभ्र्यात घालून, तोंड बांधून यंत्रात धुवावीत आणि आपल्या कडक उन्हात आतपर्यंत वाळू द्यावीत. पावसाळ्यात हे काम काढू नये, आतला कापूस ओला राहून वास धरतो. उरलेल्या खेळण्यांची कापडी खोळ उसवून आतला कापूस उशांसाठी वापरता येतो.

बॅटरीच्या खेळण्यांचे झाकण स्क्रूने बंद होत नसेल, तर ते खेळणे देऊ नये. चपटी गोल बटण-बॅटरी गिळली गेल्यास अन्ननलिकेला दोन तासांतही गंभीर जखम होऊ शकते. चालणाऱ्या खेळण्यांतील जुन्या बॅटऱ्या काढूनच ती द्यावीत. बंद पडलेली खेळणी घरच्या कचऱ्याच्या गाडीत टाकू नयेत, कारण २०२२ च्या ई-कचरा नियमांत विजेवरच्या खेळण्यांचाही समावेश आहे. २०२३ च्या 'मेरी लाइफ, मेरा स्वच्छ शहर' मोहिमेत जुन्या वस्तू स्वीकारणारी केंद्रे शहरोशहरी उघडण्यात आली होती. आपल्याकडील केंद्र सध्या कोठे व कोणत्या वेळेत सुरू असते आणि तेथे ई-कचरा घेतात का, हे महापालिकेच्या लक्ष्मीनगर झोन कार्यालयात विचारून मगच खोके गाडीत चढवावे.

प्रतापनगरकर (धागाकर्ती):

झोन कार्यालयात विचारून येथे लिहीन. पांगुळगाडा बिनरंगी सागवानी आहे, खिळे व चाके तपासली आहेत. तो विकायचा नाही. प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर किंवा खामला परिसरात कोणाचे बाळ धरून उभे राहू लागले असेल, तर त्यांनी मला व्यक्तिगत निरोप पाठवावा आणि गाडा स्वतः येऊन पाहून न्यावा.