मदत हवी आहे: एसआरक्यू (मीटरने संगणकाला मारलेली हाक) पहिल्या कॉइलला येते, दुसरीपासून मीटर मुका

तापीकाठ (जळगाव एमआयडीसी)
ठिबकच्या सोलेनॉइड व्हॉल्व्हच्या कॉइलचा रोध चार वायरींनी तपासतो. साडेसहा अंकी मल्टिमीटर जीपीआयबीवर (उपकरणं संगणकाला जोडणारी बस) आहे, पॉवर सप्लाय लॅनवर (5025 पोर्ट), प्रोग्राम पायव्हिसात (उपकरणं चालवायची पायथन लायब्ररी). 100 पीएलसी (एका रीडिंगला विजेच्या 100 सायकली), एका कॉइलची 10 रीडिंग. *ओपीसी? (काम संपलं का, हा प्रश्न) ने टाइमआउट व्हायचा म्हणून एसआरक्यूवर आलो. सुरुवातीला एकदाच *ईएसई 1 (काम पूर्ण हा बिट इव्हेंट रजिस्टरच्या सारांशात धर) आणि *एसआरई 32 (त्या सारांशावर एसआरक्यू दे). मग दर कॉइलला इनिट (मोजणी सुरू), *ओपीसी (संपली की बिट लाव), एसआरक्यूची वाट, सिरियल पोल (मीटरचा स्टेटस बाइट वाचणं), फेच? (रीडिंग आणणं). पहिल्या पोलला 96 मिळतात. दुसऱ्या कॉइलला एसआरक्यू येतच नाही, पोल केला तर 32. हाताने *ईएसआर? (स्टँडर्ड इव्हेंट रजिस्टर वाचणारी क्वेरी) विचारलं तर 37. केबल आणि अडॅप्टर बदलून झाले.

गिरणाथडी
केबलला उगाच दोष दिलात भाऊ, उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. 96 म्हणजे 64 अधिक 32. 64 हा आरक्यूएस, म्हणजे हाक मारल्याची खूण, तो सिरियल पोल करताच उतरतो. 32 हा ईएसबी, म्हणजे स्टँडर्ड इव्हेंट रजिस्टरचा सारांश. तो पोलने उतरत नाही, *ईएसआर? वाचल्यावर किंवा *सीएलएस दिल्यावरच उतरतो. तुम्ही ते वाचत नाही, म्हणून ईएसबी 1 वरच अडकलाय. एसआरक्यूला नवीन कारण लागतं, म्हणजे बिट 0 वरून 1 वर जायला हवा. आधीच 1 असेल तर मीटर कशाला हाक मारेल?

दर कॉइलला असं करा: *सीएलएस (जुने स्टेटस पुसणारी कमांड), इनिट, *ओपीसी, एसआरक्यू, सिरियल पोल, *ईएसआर?, फेच?. *सीएलएस चुकूनही *ओपीसीनंतर नको, वाट पाहणारा ओपीसी त्याने रद्द होतो. ईएसई-एसआरईला मात्र तो हात लावत नाही, त्यामुळे ते एकदाच दिलेले चालतात.

37 म्हणजे 1+4+32: काम पूर्ण, क्वेरी चूक, कमांड चूक. एरर रांगेत -113 आणि -410 दिसतील. -113 म्हणजे कुठेतरी कमांडचं स्पेलिंग चुकलंय. -410 जुन्या *ओपीसी? चं: उत्तर न वाचता पुढची क्वेरी गेली.

टाइमआउटचं गणित साधं आहे. 50 हर्ट्झला 100 पीएलसी म्हणजे 2 सेकंद, ऑटोझीरो (दर रीडिंगमागे शून्याची मोजणी) चालू असेल तर 4, दहा रीडिंगला 40. पायव्हिसा मुळात 2000 मिलिसेकंदच थांबतं. एसआरक्यूसाठी 60000 द्या. ऑफसेट कॉम्पेन्सेशन (वायरींतला उपरा व्होल्टेज वजा करणं) लावलं तर वेळ आणखी वाढेल. टाइमआउट झालाच तर आधी डिव्हाइस क्लिअर. त्याने आउटपुट रांग रिकामी होते, ईएसआर तसंच राहतं.

लळिंग (धुळे)
सप्लायबद्दल: 5025 हा कच्चा सॉकेट. त्यावर ना सिरियल पोल, ना एसआरक्यू. व्हीएक्सआय-11 किंवा हायस्लिप (एसआरक्यू देणारे लॅनवरचे प्रोटोकॉल) असेल तर त्यावर जा, नाहीतर *एसटीबी? (स्टेटस बाइट मागणारी क्वेरी) विचारत बसा. सॉकेटवर उशिरा आलेलं उत्तर पुढच्या क्वेरीच्या पदरात पडतं, तेही बघा.

आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये पारा सहज चाळिशी ओलांडतो, आणि बऱ्याच उपकरणांची मर्यादाच 40 अंश असते. सप्लाय तापून ट्रिप झाला तर क्वेश्चनेबल (संशयास्पद स्थिती नोंदवणाऱ्या) रजिस्टरचा बिट 4 लागतो. एससीपीआयमध्ये (उपकरणांची प्रमाणित कमांड भाषा) तो तापमानाचा, पण काही मॉडेल वेगळे वागतात, मॅन्युअल बघा. स्टॅट:क्वेस:एनॅब 16 (म्हणजे बिट 4) आणि *एसआरई 8 (त्या रजिस्टरचा सारांश) द्या. वाचताना इव्हेंट रजिस्टर वाचा, कंडिशन नको. दुपारी तापून संध्याकाळी निवलं की कंडिशन 0 दाखवतं, इव्हेंटमध्ये 16 तसेच राहतात.

तापीकाठ
*ईएसआर? घातलं, 40 कॉइल सलग झाल्या. स्पेलिंगही सापडलं. आता एकच अडचण: लाइट गेली की इन्व्हर्टरवर येताना मीटर रीस्टार्ट होतो आणि प्रोग्राम फॅक्टरी सेटिंगवरच रीडिंग घेत राहतो.

गिरणाथडी
त्यासाठी ईएसआरमध्ये 128 आहे, पॉवर ऑन बिट. *पीएससी 0, मग *ईएसई 189 (1+4+8+16+32+128) आणि *एसआरई 32. *पीएससी 0 असेल तर ही दोन्ही रजिस्टरं वीज गेल्यावरही टिकतात, मीटर चालू होताच एसआरक्यू देतो. *ईएसआर? मध्ये 128 दिसले की ती कॉइल टाकून द्या, रेंज-पीएलसी पुन्हा पाठवा, मग नव्याने मोजा. चुकांचे बिटही धरलेत, त्यामुळे कमांड चुकली तर 60 सेकंद वाट बघावी लागणार नाही. *पीएससी ऐच्छिक कमांड आहे, तुमच्या मीटरमध्ये नसेल तर मीटरला छोटा ऑनलाइन यूपीएस लावा.