‘डोके दुखते’ म्हणजे नेमके काय होते? : सीमाभागातील अनुभव

बेळगावच्या शहापूर भागातील माझ्या औषधाच्या दुकानात दिवसातून कितीतरी वेळा एकच वाक्य कानावर पडते : “डोकं उठलंय, एक गोळी द्या.” कन्नड बोलणारे गिऱ्हाईक ‘तलेनोवू’ म्हणते, आपण ‘डोकेदुखी’ म्हणतो, पण वैद्यकशास्त्राने या एका शब्दाखाली शंभराहून अधिक प्रकार नोंदवले आहेत आणि त्यांतील बहुतेकांचे निदान रक्ताच्या तपासणीने किंवा स्कॅनने होत नाही, तर रुग्णाने सांगितलेल्या हकिगतीवरून होते. ती हकिगत आपल्याला नीट सांगता येत नाही, विशेषतः डॉक्टरांची भाषा एक आणि आपली दुसरी असली की ‘फार दुखतं’ यापुढे बोलणे जात नाही, असे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. म्हणून विनंती आहे की दुखणे कोणत्या बाजूला होते, किती वेळ टिकते, महिन्यातून किती दिवस येते, त्या वेळी पडून राहावेसे वाटते की बसवत नाही, आणि सोबत आणखी काय होते, हे प्रत्येकाने येथे खाली सविस्तर लिहावे. औषधांची मात्रा मात्र कोणीही लिहू नये.

खानापूर तालुका, प्राथमिक शिक्षिका

चौथीच्या वर्गात फळ्यावर भागाकार लिहीत असताना, मीच लिहिलेल्या संख्येतील मधले दोन आकडे मला दिसेनासे झाले. थोड्या वेळाने त्या रिकाम्या जागेच्या कडेला करवतीच्या दात्यांसारखी चमकती रेघ उमटली आणि सरकत सरकत डावीकडे पसरत गेली. वीस-पंचवीस मिनिटांत ते सारे ओसरले आणि मग उजवे कानशील ठणकू लागले. पायरी चढले तरी ठणका वाढत होता. खिडकीतला उजेड, मुलांचा गलका, शेजारच्या घरातील फोडणीचा वास, काहीच सहन होईना. आमच्याकडे ओकारी झाली म्हणजे पित्तच, असे धरून चालतात, त्यामुळे दोन वर्षे मी पित्ताची औषधे घेतली आणि चष्माही दोनदा बदलला.

बेळगावच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी ही ऑरासह (म्हणजे दुखण्याआधी अशा चमकत्या रेघेसारख्या खुणा येणारी) अर्धशिशी असल्याचे सांगितले आणि लगेच विचारले की आपण गर्भनिरोधक गोळ्या घेता का. मी घेत होते. ऑरा असणाऱ्या स्त्रियांनी इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या घेतल्यास पक्षाघाताचा धोका वाढतो, हे तोपर्यंत मला कोणी सांगितले नव्हते, कारण मीही माझ्या त्या रेघेविषयी कोणाजवळ बोलले नव्हते.

माझी आई महिन्यातून दोन दिवस काळोख्या माजघरात कपाळाला सुंठेचा लेप लावून पडून राहत असे, आणि आम्ही मुले तिला जेवायला कधी वाढणार म्हणून हाका मारत असू. हा आजार पुष्कळदा घराण्यातून येतो हे कळल्यापासून ते माजघर मला वारंवार आठवते.

*(या अनुभवाला जोडून एवढेच सांगतो की उपचार न केल्यास अर्धशिशीचा झटका 4 ते 72 तास टिकू शकतो आणि प्रौढ वयात तो पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये सुमारे तिप्पट आढळतो. नावात ‘अर्ध’ असले तरी पुष्कळांचे डोके दोन्ही बाजूंनी दुखते, तेव्हा केवळ तेवढ्यावरून ही शक्यता सोडून देऊ नये.)*

निपाणी, मुलीने लिहिलेला आईचा अनुभव

आई तंबाखूच्या वखारीत चाळणीच्या कामावर होती. तिचे डोके रोज दुखत असे आणि आम्ही सगळे त्याचा दोष खकाण्याला देत होतो. सकाळच्या चहाबरोबर एक गोळी आणि दुपारी डबा खाल्ल्यावर दुसरी, असा तिचा क्रम होता. पट्टी पदराच्या गाठीत बांधलेली असे. डॉक्टरांनी तिला औषध देण्याआधी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर खुणा करायला सांगितल्या : दुखले तर तारखेभोवती गोल, गोळी घेतली तर फुली. महिना संपला तेव्हा 26 गोल आणि 24 फुल्या झाल्या होत्या. आईला लिहिता येत नाही, पण ते पान तिने डॉक्टरांसमोर धरले आणि ती स्वतःच म्हणाली, “हे तर गोळ्यांचंच दुखणं दिसतंय.”

डॉक्टरांनीही तेच सांगितले. आधीच डोकेदुखीचा त्रास असलेल्या माणसाने साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून 15 किंवा त्याहून अधिक दिवस, किंवा अनेक औषधांची मिश्र गोळी 10 किंवा त्याहून अधिक दिवस, तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली, तर ती गोळीच डोकेदुखीला टिकवून धरू शकते. त्यांच्या देखरेखीखाली गोळ्या बंद केल्यावर पहिला आठवडा अत्यंत कठीण गेला. एका रात्री आईने माझे हात धरून एक, फक्त एक गोळी मागितली. मी दिली नाही आणि दोघी उजाडेपर्यंत बसून राहिलो. तिसऱ्या महिन्याच्या पानावर सात गोल होते. मुळात तिला अर्धशिशीच होती, ती तेव्हा कुठे स्पष्ट झाली आणि झटके कमी होण्यासाठीचे वेगळे उपचार सुरू झाले.

*(हे मी दोनदा वाचले. अशा पट्ट्या माझ्याही दुकानातून गेल्या असणार. आता गोळी देताना ‘या महिन्यातली कितवी?’ असे मी विचारतो.)*

बेळगाव, कार्यालयीन नोकरी

माझे दुखणे साधे आहे : दुपारनंतर फेटा आवळून बांधल्यासारखा दोन्ही बाजूंनी दाब येतो, मान आणि खांदे आखडतात, पण ओकारी येत नाही आणि चालण्याफिरण्याने ते वाढतही नाही. ही ताणाची डोकेदुखी असल्याचे निदान झाले.

उद्यमबाग, फाउंड्री कामगार

वर्षातून एकदा, पाच-सहा आठवडे, रात्री दीडच्या सुमारास मला जाग येते आणि उजव्या डोळ्यामागे कोणी तापलेली सळई खुपसल्यासारखे होते. तोच डोळा लाल होऊन पाझरतो, त्याच बाजूची नाकपुडी बंद होते आणि पापणी खाली येते. वरच्या ताईंसारखे मला अंधारात पडून राहता येत नाही. मी गच्चीवर येरझाऱ्या घालतो, भिंतीवर कपाळ आपटतो, आणि पाऊण तासाने सारे एकदम थांबते. पहिल्या वर्षी घरच्यांनी ही बाहेरची बाधा समजून अंगारा आणला. दुसऱ्या वर्षी सायनस समजून वाफ घेतली.

तज्ज्ञ कन्नड बोलणारे होते आणि माझे कन्नड कामापुरतेच आहे, म्हणून बायकोने माझ्या चेहऱ्याचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ मी त्यांना दाखवला. तो पाहताच त्यांनी क्लस्टर डोकेदुखी असे निदान केले. हा झटका 15 मिनिटांपासून तीन तासांपर्यंत असतो, त्यामुळे पोटातून घेतलेली गोळी लागू पडण्याआधीच तो पुष्कळदा संपून जातो. मला मास्कने शुद्ध प्राणवायू दिल्यावर पंधरा मिनिटांत आराम पडला. ज्या प्राणवायूचे सिलिंडर आम्ही कारखान्यात धातू कापायला वापरतो, त्याच वायूने रात्रीची झोप परत मिळावी, याचे मला फार नवल वाटले. ते सिलिंडर मात्र कोणी घरी आणू नये. वैद्यकीय प्राणवायू डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यावा.

संकेश्वर, विद्यार्थिनी

डोकेदुखीबरोबरच, खाली वाकले की डोळ्यांसमोर क्षणभर अंधारी येई आणि कानात नाडीच्या तालावर ‘सूं सूं’ असा आवाज येई. दोन वर्षांत माझे वजन बरेच वाढले होते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करून पाहिले, तेव्हा दृष्टीच्या नसेला सूज दिसली. मेंदूभोवतीच्या द्रवाचा दाब वाढला होता. उशीर झाला असता तर दृष्टी गेली असती, असे त्यांनी सांगितले.

अथणी, शेतकरी

वहिनी पहाटे म्हशीची धार काढत होत्या. चरवी हातातून निसटली आणि त्या मान धरून तिथेच बसल्या. घरातील वडीलधाऱ्यांनी बाम चोळून झोपवायला सांगितले, आणि नेहमीचे दुखणे असते तर मीही तेच केले असते, पण त्या मला म्हणाल्या, “भाऊजी, असं माझं डोकं जन्मात दुखलं नव्हतं.” एका क्षणात आलेली आणि मिनिटभरात कळसाला पोहोचलेली ती कळ होती. आम्हाला मिरज जवळ पडते, म्हणून दूध तसेच सांडलेले सोडून गाडी काढली. तेथे स्कॅनमध्ये मेंदूभोवती रक्तस्राव दिसला. रक्तवाहिनीला आलेला फुगा फुटला होता. शस्त्रक्रिया झाली आणि आज त्या पुन्हा गोठ्यात जातात. दवाखान्याच्या दारात मी त्यांचे ते वाक्य जसेच्या तसे सांगितले होते, आणि डॉक्टरांनी कागदावर सर्वांत आधी तेच लिहून घेतले.