हायब्रिडला रिझर्व्हची लाईट लागली की नक्की किती किमी जाता येतं?

वऱ्हाडची_लेक

आमच्याकडे टोयोटाची हायरायडर आहे, स्ट्राँग हायब्रिडवाली (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही), 45 लिटरची टाकी. पुण्याहून माहेरी अमरावतीला जाताना आम्ही संभाजीनगरला समृद्धीवर चढतो आणि कारंज्याला उतरतो. यावेळी मेहकर मागे पडलं आणि पेट्रोलची लाईट लागली. स्क्रीनवर रेंज 70 च्या आसपास होती, पण दहाएक किमी गेलो नाही तोच ती वीसने कमी झाली, मग मी यांना म्हटलं जरा हळू घ्या, 80 वर आणली तर रेंज चक्क वाढायला लागली! मागे सासूबाई आणि लहान मुलगी, दुपारचं ऊन, एसी बंद करायची सोय नाही. शेवटी मालेगावला (वाशिमचं मालेगाव) बाहेर पडून पेट्रोल भरलं आणि पुढे गेलो.

घरी आल्यावर माझे दीर म्हणतात उगाच घाबरलात, हायब्रिड आहे ना, पेट्रोल संपलं तरी बॅटरीवर पुढच्या पंपापर्यंत आरामात जाते. हे खरं आहे का? आणि लाईट लागल्यावर किती किमी धरून चालायचं? अंदाजपंचे नको, ज्यांनी ही गाडी वापरलीय त्यांनी सांगा प्लीज.

घाटवाट

ताई, माझ्याकडे ग्रँड व्हिटारा हायब्रिड आहे, म्हणजे इंजिन, बॅटरी, टाकी सगळं तुमच्यासारखंच. दिरांना सांगा की बॅटरीच्या भरवशावर अजिबात राहू नका. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी आणि आपली बॅटरी यांची तुलनाच होत नाही. आपली 0.76 युनिटची आहे, इलेक्ट्रिक एसयूव्हीत 40-50 युनिटची सहज असते. त्यातही गाडी ती पूर्ण रिकामी होऊ देत नाही, खालचा आणि वरचा भाग राखून मधलाच वापरते, नाहीतर बॅटरी लवकर खराब होईल. हातात उरतं त्यात सपाट रस्त्यावर दोन-तीन किमी, एसी आणि चार माणसं असतील तर त्याहून कमी. समृद्धीवर दोन इंटरचेंजमधलं अंतर बघितलं तर हे काहीच नाही.

आणि मुळात ती वीज येते कुठून? आपल्या गाडीला चार्जिंगचा प्लग नाही. इंजिन चालतं तेव्हा आणि ब्रेक लावतो तेव्हा बॅटरी भरते, म्हणजे फिरून फिरून पेट्रोलच.

रेंज खालीवर होण्याचं कारण सोपं आहे. गाडी मागच्या काही किमीचं अ‍ॅव्हरेज बघते आणि टाकीत उरलेल्या पेट्रोलशी गुणून आकडा दाखवते. शहरात 22-24 देणारी गाडी 110-120 ला 16-17 वर येते, कारण त्या स्पीडला हवा कापण्यातच सगळी ताकद जाते आणि ब्रेक लावायची वेळच येत नाही, मग बॅटरीत परत काही जमा होत नाही. म्हणून तुम्ही दहा किमी गेलात आणि आकडा वीसने उतरला. 80 वर आणल्यावर वाढला तोही खराच वाढला, तुम्ही अगदी बरोबर केलंत.

निवृत्त_पण_फिरस्ता

मी पेट्रोल गाड्या चाळीस वर्षं चालवतोय. लाईट कंपनी मुद्दाम लवकर लावते. टाकीत तेव्हा सहा लिटर तरी असतंच, अठराचं अ‍ॅव्हरेज धरलं तरी शंभर किमी सरळ जाते. आकडा शून्यावर आला तरी गाडी चालते, कंपनीने त्यातही राखून ठेवलेलं असतं. ताईंनी मालेगावला उतरायची गरज नव्हती, कारंज्यापर्यंत गेली असती.

पाना_पक्कड

काका, मान ठेवून सांगतो, हा हिशोब कागदावर बरोबर आहे पण रस्त्यावर मांडू नका. मी हायब्रिड गाड्यांच्या कामावर आहे, टो होऊन आलेल्या गाड्या बघतो म्हणून लिहितोय.

लाईट लागते तेव्हा साधारण पाच ते सात लिटर असतं, मॉडेलप्रमाणे फरक, आणि तो आकडा मॅन्युअलमध्ये दिलेला असतो तो एकदा बघून ठेवा. पण हे सगळं गाडी सपाटीला उभी असताना. टाकीतला फ्लोट (पेट्रोलची पातळी मोजणारा तरंगता भाग) चढावर, उतारावर, लांबलचक वळणावर फसतो. पेट्रोल कमी असलं की ते एका बाजूला सरकतं आणि पंप मध्येच हवा ओढतो. इंजिनला मिसफायर बसले की न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) तापतो, आणि त्याची किंमत ऐकली तर टाकी कायम फुल ठेवाल. टाकीतला फ्युएल पंपही पेट्रोलमध्येच गार राहतो, वारंवार कोरडा चालला की आयुष्य कमी होतं.

आता E20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) पण आलंय. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच, म्हणजे त्याच सहा लिटरमध्ये जुन्या पेट्रोलइतकं अंतर निघत नाही. काकांचा चाळीस वर्षांचा अंदाज जुन्या पेट्रोलवर बसलेला आहे हे पण धरा.

माझं मत विचाराल तर लाईट लागली की 40-50 किमीच्या आतला पंप गाठायचा, त्यापुढचं पेट्रोल आपलं नाहीच असं समजायचं. शून्याच्या खाली किती जाते हे कोणी गॅरंटीने सांगत नाही आणि प्रत्येक गाडीत ते वेगळं निघतं.

वऱ्हाडची_लेक

खूप छान समजावलंत सगळ्यांनी, दिरांना दाखवते. अजून एक, समजा खरंच संपलं तर? साधी गाडी तर बंद पडते, पेट्रोल टाकलं की सुरू. हिचं काय होतं? इंजिन बंद झाल्यावर बॅटरीवर कडेला घ्यायला तरी वेळ मिळतो ना?

पाना_पक्कड

मिळतो, आणि तेवढ्यासाठीच तो वापरायचा. हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे म्हणून सविस्तर लिहितो.

अशा स्ट्राँग हायब्रिडमध्ये साध्या गाडीसारखा स्टार्टर नसतो. इंजिन फिरवायचं काम मोठी बॅटरी आणि तिची मोटर करते. पेट्रोल संपलं की डॅशवर वॉर्निंग येतात, पॉवर कमी होते, गाडी बॅटरीवर सरकत राहते आणि लोकांना वाटतं अरे चालतेय की, अजून थोडं जाऊ, पुढच्या वळणावर पंप असेल. तसं करत बॅटरी पार उतरली की मग पाच लिटर पेट्रोल आणून टाकलं तरी इंजिन फिरवायला ताकदच उरत नाही. बारा व्होल्टची बॅटरी जंपरने जोडून उपयोग नाही, ती फक्त कॉम्प्युटर आणि दिवे जागे करते. मग टो करून वर्कशॉपला न्यावी लागते. साध्या गाडीला जे काम पाच लिटरमध्ये झालं असतं त्याला इथे दिवस जातो.

म्हणून इंजिन बंद पडलं असं कळलं की लगेच हझार्ड लाईट, डावीकडच्या कडेला गाडी, एसी बंद, पॉवर ऑफ. माणसं गाडीतून उतरवून क्रॅश बॅरियरच्या पलीकडे उभी करा, समृद्धीवर 120 ने येणाऱ्या गाड्या असतात, शोल्डरवर गाडीत बसून राहणं फार धोक्याचं. मग रोडसाईड असिस्टन्सला फोन, जास्त अडचण असेल तर 112. आणि पेट्रोल टाकताना लाईट विझेल इतकं तरी टाका, लिटरभर टाकलं तर सिस्टिम सुरू होईलच असं नाही आणि रेंजचा आकडाही तेवढ्याने बदलत नाही. प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल मागायला जाऊ नका, पंपवाले देत नाहीत आणि देऊही नये.

घाटवाट

यात घाटाचं जोडतो कारण आता समृद्धी आमण्यापर्यंत पूर्ण झालीय आणि मुंबईकर तिकडूनच चढतात. आमणे ते इगतपुरी चढ आहे, साधारण साडेपाचशे मीटर. भरलेल्या गाडीला तेवढं वर न्यायला नेहमीपेक्षा पाऊण लिटरच्या आसपास पेट्रोल जास्त लागतं, गणित करून बघितलंय. म्हणजे लाईट लागलेली असताना घाट चढायचा तर तेरा-चौदा किमीची रेंज तिथेच गेली.

उतरताना सगळं परत मिळेल असंही नाही. आपली बॅटरी छोटी, ती उताराच्या पहिल्या भागातच भरून जाते, मग उरलेला उतार इंजिन ब्रेकिंगमध्येच जातो. बोरघाट उतरताना बॅटरीचे सगळे दांडे भरलेले दिसतात आणि इंजिनचा आवाज वाढतो तो त्यामुळेच, गाडीत काही बिघाड नाही. बॅटरी भरली म्हणून पेट्रोल वाढलं असं मात्र समजू नका.

कोथरूडचा_पिंट्या

हायब्रिडचा एक खरा फायदा कोणी लिहिला नाही. लाईट लागलेली असताना ट्रॅफिकमध्ये अडकलात तर साध्या गाडीपेक्षा ही बरी. चांदणी चौकात नाहीतर खंबाटकीला रांगेत उभं राहिलं की साधी गाडी एसीसाठी सतत इंजिन चालू ठेवते, हायब्रिडमध्ये एसीचा कॉम्प्रेसर विजेवर आहे त्यामुळे इंजिन मध्ये मध्ये चालू होऊन बॅटरी भरतं आणि परत गप्प. त्यामुळे शहरात लाईट लागली तर मी घाबरत नाही, दर दोन किमीला पंप आहे. हायवेला मात्र निम्म्यावर काटा आला की भरतो.

निवृत्त_पण_फिरस्ता

पाना_पक्कड, स्टार्टर नसतो हे मला माहीत नव्हतं, धन्यवाद. आमच्या जुन्या गाड्यांना हा प्रश्नच नव्हता. ताई, कारंज्यापर्यंत गेली असती हे माझं वाक्य मागे घेतो, तुम्ही मालेगावला उतरलात ते योग्यच.

वऱ्हाडची_लेक

काका, धन्यवाद. आता ठरवलंय, पुढच्या वेळी संभाजीनगरला समृद्धीवर चढायच्या आधीच टाकी फुल करायची. तिथून अमरावती साडेतीनशेच्या आत आहे, 100 च्या आसपास चालवली तर लाईट लागायचा प्रश्नच येत नाही. मॅन्युअलमधला लिटरचा आकडा यांना शोधायला सांगितलाय, मिळाला की इथे टाकते.