महिला सरपंच पुन्हा का दिसत नाही? दोष नवऱ्याचा की रोटेशनचा?

बांधावरची:
सरपंचपतींवर विनोद करून झाले असतील तर जरा आरक्षणाच्या सोडतीकडे बघा. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांना आहेत. पहिली दोन वर्षं वित्त आयोगाचा पैसा कुठे वापरता येतो, ग्रामसेवक कुठे टोलवतो, हे कळण्यात जातात. हात बसतो तोवर रोटेशनने नवी सोडत, राखीव पद दुसऱ्या गावाला, आपलं खुलं. खुल्या जागेवर तिला पॅनेलमध्ये कोण घेणार? जागा सलग दोन टर्म राखीव ठेवा. तमिळनाडूत ठेवतात.

सडेतोड_अण्णा:
वा! म्हणजे नवऱ्याला पाचऐवजी दहा वर्षं कारभार. सही तिची, खुर्ची त्याची. आणि सरपंचपदाचं आरक्षण फिरतं हवं असं घटनेच्या २४३-ड मध्येच आहे. शेजारच्या गावच्या बायकांनी वाट बघत बसायचं का?

बांधावरची:
फिरतं हवं, मान्य. किती वर्षांनी फिरवायचं ते राज्य ठरवतं. आणि नवऱ्याच्या हातून कारभार काढून घ्यायला पाच वर्षं कमीच पडतात की!

वॉर्ड_नंबर_सात:
रोटेशनचा फायदाही बघा. मुंबई महापालिकेत १९९७ ला राखीव असलेले काही वॉर्ड २००२ ला खुले झाले. रिखिल भवनानी यांच्या २००९ च्या अभ्यासानुसार तिथे बाई निवडून येण्याची शक्यता, आधी राखीव नसलेल्या खुल्या वॉर्डांच्या जवळपास पाचपट होती. पक्षांना बायका जिंकतात हे दिसलं, त्यांनी तिकिटं दिली. जागा फिरली म्हणूनच ना?

बांधावरची:
मुंबईत तिकीट पक्ष देतो. आमच्याकडे ग्रामपंचायतीला पक्षचिन्हच नसतं, नावं भावकीच्या बैठकीत ठरतात. त्या बैठकीला बायका असतात फक्त चहापुरत्या. शिवाय पाचपट कशाच्या? मुळात खुल्या वॉर्डांतून बायका निवडून येतच किती होत्या!

ताई_जळगावकर:
तुम्ही दोघंही सोडतीतच अडकलात. आमच्या जिल्ह्यात विटनेरला १९८९ मध्ये, म्हणजे पंचायतीत बायकांना राखीव जागा देणाऱ्या ७३ व्या घटनादुरुस्तीच्या आधी, पूर्ण महिलांचं पॅनेल निवडून आलं. मागे शेतकरी संघटनेची महिला आघाडी होती. बाईमागे संघटना असली की भावकीला विचारावं लागत नाही. महिला राखीव पदावरच्या सरपंचबाईंवर अविश्वास ठराव मंजूर व्हायला तीन चतुर्थांश मतं लागतात, कायद्याने एवढं संरक्षण दिलंय. पण ठरावाच्या दिवशी तिच्या बाजूने हात वर करणारे चार सदस्य कायदा कुठून आणणार?

सडेतोड_अण्णा:
ताई, मग विटनेरची री ओढणारी गावं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच का राहिली, तेवढं सांगा.